उशीर हा निरोप असतो : लिनक्स, सॉफ्टवेअर रेड आणि कारणांचा शोध

मागच्या व्याख्यानानंतर दोन-तीन जणांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, तुम्हाला कॉम्प्युटरचं काय पडलंय?" प्रश्न रास्त आहे. पण चाळीस वर्षं मी वर्गात एकच गोष्ट शिकवली असं म्हटलं तरी चालेल. एखादी गोष्ट घडली तर तिचं कारण कसं शोधायचं, आणि शोधताना आपण स्वतःची फसवणूक कुठे करतो. आज तेच बोलणार आहे. फक्त उदाहरण घटाचं आणि मातीचं नाही, माझ्या घरातल्या मशीनचं आहे. आणि गाढव मात्र येणार आहे, थोडं थांबा.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आपल्या नरखेड तालुक्यातलं मोवाड सगळ्यांना माहीत आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचा पूर गावात शिरला आणि गाव वाहून गेलं. निवृत्तीनंतर मी ठरवलं की ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. त्यासोबत संत्र्याच्या बागांची जुनी माहिती, लग्नातली गाणी, घराण्यांच्या वह्यांचे फोटो, असं बरंच जमत गेलं. त्यातली काही माणसं आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त त्या फायलींमध्ये आहे. तो गेला तर परत मुद्रित करायला माणूस कुठून आणायचा?

म्हणून एक साधं मशीन घेतलं. डेबियन लिनक्स. प्रणाली एका लहान एसएसडीवर, आणि संग्रह दोन टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्कवर. या दोन डिस्कची मिळून एक जोडी, जिला म्हणतात सॉफ्टवेअर रेड.

रेड म्हणजे काय, थोडक्यात

१९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. महागडी एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त डिस्कचा समूह करावा आणि त्यात थोडी पुनरुक्ती ठेवावी, म्हणजे एक मेली तरी माहिती मरत नाही. रेड हे नाव तिथून आलं. त्यातला आय हा सुरुवातीला 'स्वस्त' साठी होता, पुढे लोक 'स्वतंत्र' म्हणू लागले.

त्यातला रेड-१ हा प्रकार सर्वांत सोपा. त्याला आरसा म्हणतात. जे एका डिस्कवर लिहिलं तेच दुसरीवर. हे काम वेगळ्या कार्डानं न करता लिनक्सचं कर्नल स्वतःच करतं, म्हणून सॉफ्टवेअर रेड. कर्नलमधल्या त्या भागाला एमडी म्हणतात आणि त्याला सांभाळायचं जे साधन आहे ते एमडीअ‍ॅडम, नील ब्राउन यांनी लिहिलेलं. दोन खऱ्या डिस्क मागे राहतात आणि आपल्याला पुढे एकच दिसते, तिचं नाव एमडी-शून्य. म्हणजे दोन भाऊ आणि सातबारा एकच.

तक्रार

तर हे मशीन चालू केल्यापासून लॉगिनचा पडदा यायला सुमारे चाळीस सेकंद लागत. एकदा ते अडीच मिनिटांच्या वर गेलं. काळा पडदा, थोडी अक्षरं, आणि आपण बसलोय वाट पाहत. मी एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "सर, मशीन बुढी झाली तुमची. बदलून टाका."

आता बघा, हे स्पष्टीकरण किती मोहक आहे. म्हातारपण. ते सगळ्याला लागू पडतं, आणि जे सगळ्याला लागू पडतं ते कशाचंच कारण सांगत नाही. आणि माझ्यासारख्या सत्तरी उलटलेल्या माणसासमोर ते बोलावं हेही जरा जास्तच! मी म्हटलं, थांब. आधी उशीर नेमका कुठे होतो ते पाहू.

पहिली पायरी : उशिराची फाळणी करा

मशीन सुरू होणं ही एक घटना नाही, ती चार-पाच घटनांची साखळी आहे. आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम. मग लोडर, बहुतेक ठिकाणी ग्रब. मग कर्नल. त्याच्यासोबत इनिटरामएफएस नावाची छोटी शिदोरी असते, खरी डिस्क हाती येईपर्यंत लागणारी साधनं त्यात बांधलेली असतात. आणि शेवटी यूजरस्पेस, म्हणजे सगळ्या सेवा, माउंट, नेटवर्क, पडदा. हे शेवटचं काम आज बहुतेक लिनक्सवर सिस्टिमडी करतं. ते २०१० मध्ये आलं, आणि डेबियननं २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून ते मूळ म्हणून घेतलं.

टर्मिनल उघडून एक आज्ञा द्यायची : सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ. बस, एवढीच. माझ्याकडे उत्तर आलं : फर्मवेअर ९ सेकंद, लोडर ५, कर्नल ३६, यूजरस्पेस १०८. बेरीज १५८.

हे आकडे पाहिल्याबरोबर 'म्हातारपण' बाद झालं. मशीन म्हातारं असतं तर सगळंच थोडं थोडं मंदावलं असतं. इथे फर्मवेअर पूर्वीसारखंच आहे, लोडरचे ५ सेकंद तर ग्रबनं मेनू दाखवण्यासाठी मुद्दाम थांबण्याचे आहेत. उशीर फक्त दोन जागी साचलाय.

इथे एक खाच लक्षात ठेवा. डेबियनच्या नेहमीच्या इनिटरामएफएसमध्ये सिस्टिमडी चालत नाही. त्यामुळे त्या शिदोरीत जो वेळ जातो तो वेगळा न दाखवता कर्नलच्या खात्यात मांडला जातो. म्हणजे 'कर्नल ३६' याचा अर्थ कर्नल मंद आहे असा घेऊ नका. घरातला खर्च कर्त्याच्या नावावर लिहिला जातो, म्हणून तो सगळा कर्त्यानंच खाल्ला असं होत नाही.

दुसरी पायरी : कुंभाराचं गाढव

आता यूजरस्पेसचे १०८ सेकंद. इथे लोक एक आज्ञा वापरतात : सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम. नावच बघा, ब्लेम, म्हणजे दोष कोणाचा. कोणत्या सेवेला किती वेळ लागला याची उतरती यादी ती देते. माझ्या यादीत सर्वांत वर होतं नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. लोक काय करतात? सर्वांत वरचं नाव पकडतात आणि ते बंद करतात.

आपल्याकडे न्यायशास्त्रात याची फार सुंदर चर्चा आहे. १७व्या शतकात विश्वनाथ पंचाननांनी 'भाषापरिच्छेद' लिहिला. त्यात अन्यथासिद्ध म्हणून पाच प्रकार सांगितलेत. अन्यथासिद्ध म्हणजे जे कार्याच्या आधी हजर असतं, पण कारण नसतं. घट तयार झाला. त्याच्या आधी काय काय होतं? चाक फिरवायचा दांडा होता. त्या दांड्याचा रंगही होता. कुंभाराचा बापही कधीतरी होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. दांडा कारण आहे. पण दांड्याचा रंग, कुंभाराचा बाप आणि गाढव ही कारणं नाहीत. का? कारण गाढवाशिवायही घट होतो. माती बैलगाडीनं आणली तरी चालते.

ब्लेमची यादी ही अशी हजेरी आहे. कोण किती वेळ तिथे उभं होतं एवढंच ती सांगते. पण सिस्टिमडी पुष्कळ कामं एकाच वेळी सुरू करतं. नेटवर्कची वाट पाहणारी सेवा बाजूला उभी राहून वीस सेकंद वाट पाहील. जे नेटवर्कवर अवलंबून आहे तेच तिच्यामुळे अडेल. बाकीचे पुढे जातील. मी ती सेवा बंद करून पाहिली, फक्त परीक्षेसाठी. यूजरस्पेस १०८ चे १०७ झाले. गाढव सोडून दिलं, घट तसाच. मी ती पुन्हा चालू केली.

ज्याला हे कळलं त्यानं पुढची आज्ञा वापरावी : सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन. ही साखळी दाखवते, कोण कोणासाठी थांबलं. आपल्या नरखेड जंक्शनवर उभे राहा. नागपूर-इटारसी मार्गावरची गाडी उशिरा सुटली. का? तिचं इंजिन खराब म्हणून, की अमरावतीच्या फाट्यावरून येणाऱ्या गाडीसाठी थांबवलं म्हणून? फलाटावर सर्वांत जास्त वेळ उभी असलेली गाडी दोषी नसते. ती कोणासाठी उभी आहे ते विचारायचं.

तिसरी पायरी : जे नाही ते कसं दिसावं?

आणि इथे माझी गंमत झाली. क्रिटिकल-चेनमध्येही नव्वद सेकंदांचा मोठा खड्डा दिसतोय, पण त्या खड्ड्यात कोणाचंच नाव नाही! ब्लेममध्ये नाही, साखळीत नाही. मग उशीर केला कोणी?

मी दोन दिवस त्यावर विचार केला आणि मग स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला. वैशेषिकांचे सात पदार्थ मी किती वर्षं शिकवले! त्यातला सातवा पदार्थ कोणता? अभाव. नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे, तिचाही परिणाम होतो. या दोन्ही याद्या जे सुरू झालं त्याच्याच आहेत. जे कधी आलंच नाही त्याचं नाव हजेरीपटावर कसं येणार? वर्गात मास्तर वाट पाहत बसलेत, पण तो मुलगा आलाच नाही, आणि हजेरी फक्त आलेल्यांची घेतली, तसं.

अभावाची नोंद जर्नलमध्ये असते. आज्ञा : जर्नलसीटीएल, पुढे वजा-बी, म्हणजे याच वेळच्या बूटची रोजनिशी. तिथे स्पष्ट ओळ होती की अमुक यूयूआयडीच्या डिव्हाइसची वाट पाहून मुदत संपली. यूयूआयडी म्हणजे डिस्कच्या प्रत्येक भागाचा आधार क्रमांक समजा. सिस्टिमडी न आलेल्या डिव्हाइसची नव्वद सेकंद वाट पाहतं, ही त्याची मूळ मुदत. म्हणून तुमच्याकडे उशीर बरोबर नव्वदच्या आसपास असेल, तर मंदपणाचा विचार सोडा. कोणीतरी न येणाऱ्याची वाट पाहतंय. खरा मंदपणा कधी गोल आकड्यात येत नाही. गोल आकडा म्हणजे कोणीतरी ठरवलेली मुदत. आजच्या व्याख्यानातलं हे एक वाक्य घरी नेलंत तरी पुरे.

तो क्रमांक कोणाचा? मी बीएलकेआयडी ही आज्ञा दिली, तिनं असलेल्या सगळ्या भागांचे क्रमांक दाखवले. त्यात हा नव्हता. मग स्लॅश ईटीसी स्लॅश एफएसटॅब ही फाइल उघडली, कोणता भाग कुठे जोडायचा ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिथे तो क्रमांक सापडला, स्वॅपच्या ओळीत. स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायचा डिस्कचा तुकडा.

आणि मग आठवलं. काही महिन्यांपूर्वी मी हौसेनं दुसरं एक लिनक्स वितरण त्याच एसएसडीच्या मोकळ्या जागेत बसवून पाहिलं होतं. त्याच्या इन्स्टॉलरनं माझा स्वॅपचा तुकडा स्वतःसाठी नव्यानं फॉरमॅट केला. तुकडा तोच, क्रमांक बदलला. डेबियन बिचारं जुन्या क्रमांकाच्या माणसाची रोज वाट पाहत होतं.

मग कर्नलच्या खात्यातले जादा तीस सेकंद? तेही तेच! हायबरनेट केलेलं मशीन पुन्हा उठवायचं तर आठवणी स्वॅपमध्ये असतात. म्हणून इनिटरामएफएससुद्धा स्वॅपचा क्रमांक जवळ ठेवतं, आणि तो तुकडा दिसला नाही तर तीस सेकंद थांबतं. मग पडद्यावर लिहितं की वाट पाहणं सोडलं, आणि पुढे जातं. म्हणजे उशीर दोन, जागा दोन, आणि कारण एक. तेही माझ्याच हातचं.

उपाय दहा मिनिटांचा. एफएसटॅबमध्ये स्वॅपचा नवा क्रमांक लिहिला. स्लॅश ईटीसी स्लॅश इनिटरामएफएस-टूल्स स्लॅश कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरात रिझ्यूम नावाची फाइल आहे, तिच्यातही तोच लिहिला. हायबरनेट नको असेल तर तिथे 'नन' लिहिलं तरी चालतं. मग अपडेट-इनिटरामएफएस, वजा-यू. ही शेवटची आज्ञा विसरू नका. नाहीतर फाइल बदलते पण शिदोरीत जुनीच चिठ्ठी राहते.

कर्नल ३६ वरून ६ वर आलं, यूजरस्पेस १०८ वरून १८ वर. एकूण ३८ सेकंद. माझं म्हातारं मशीन पुन्हा तरणं झालं. मी खूष. आणि मंडळी, खरी गोष्ट इथून सुरू होते.

तीस सेकंद, फक्त एकदा

दोन-अडीच महिने गेले असतील. रात्री वीज गेली, सकाळी आली. मशीन सुरू केलं आणि जाणवलं की आज उशीर झाला. सवयीनं आज्ञा दिली. एकूण ६८. म्हणजे नेहमीपेक्षा बरोबर तीस जास्त, आणि यूजरस्पेसमध्ये. मी म्हटलं, रात्री वीज गेली होती, त्यामुळे काहीतरी तपासत असेल. उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी ३८. तिसऱ्या दिवशी ३८. मी विसरून गेलो. आपोआप बरं झालं.

आता तुम्हाला सांगतो त्या तीस सेकंदांत काय झालं होतं. मशीन सुरू होताना एमडी आपल्या दोन डिस्क गोळा करतं. पहिली आली. तिच्यावरच्या नोंदीत लिहिलंय, "आम्ही दोघं आहोत." दुसरी आलीच नाही. आता काय करायचं? लगेच एकट्यानं सुरू केलं आणि दुसरी पाच सेकंदांनी आली, तर दोघांत तफावत पडेल. म्हणून एमडीअ‍ॅडमसोबत एक घड्याळ येतं, त्याचं नावच 'लास्ट-रिसॉर्ट' टाइमर, शेवटचा उपाय. ते तीस सेकंद वाट पाहतं. आली तर उत्तम. नाही आली तर एका डिस्कवर जोडी सुरू करतं, लंगडी.

आणि एकदा लंगडी सुरू झाली की उरलेल्या डिस्कवर नवी नोंद होते : "दुसरा गेला, आता मी एकटा." पुढच्या दिवशी मशीन सुरू होतं तेव्हा नोंदीप्रमाणे एकच डिस्क अपेक्षित असते. ती हजर असते. मग वाट कोणाची पाहायची? उशीर नाहीसा होतो.

लक्षात आलं ना? आजार वाढला आणि लक्षण गेलं. ज्याला मी 'आपोआप बरं झालं' म्हणत होतो ते खरं तर 'आता कोणी वाट पाहत नाही' असं होतं. घरातला माणूस आला नाही म्हणून पहिल्या रात्री दार उघडं ठेवतात. मग एक दिवस दार वेळेवर लागू लागतं. ते तो परत आला म्हणून नव्हे.

अकरा दिवस मी तसाच काम करत होतो. मोवाडच्या त्या सगळ्या आवाजांची एकच प्रत, एका जुन्या डिस्कवर, आणि मी निश्चिंत. कारण माझ्याकडे रेड होतं!

बाराव्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी कॅट, स्लॅश प्रॉक स्लॅश एमडीस्टॅट अशी आज्ञा दिली. ही फाइल जोडीची तब्येत सांगते. निरोगी जोडीपुढे चौकटी कंसात दोन यू असतात, यू म्हणजे ठीक. माझ्याकडे होतं एक यू आणि त्याच्यापुढे एक रेघ. त्या रेघेकडे मी बराच वेळ पाहत बसलो. सातवा पदार्थ असा रेघेच्या रूपात पुढे उभा राहील असं वाटलं नव्हतं.

मग काय केलं

हे क्रमानं सांगतो, कारण घाईत इथेच नुकसान होतं.

सर्वांत आधी, दुरुस्ती नाही. आधी प्रत. उरलेल्या डिस्कवरून बाहेरच्या एका डिस्कवर सगळा संग्रह उतरवला. जोडी पुन्हा बांधताना उरलेली डिस्क सलग वाचली जाते, तिच्यावर ताण येतो. ती जुनी, तिच्या जोडीदाराइतकीच. तिनं त्याच वेळी मान टाकली तर? म्हणून आधी प्रत.

दुसरं, रोजनिशी. जर्नलमध्ये त्या सकाळची ओळ होती की एका साटा पोर्टवर दुवा मिळाला नाही. म्हणजे डिस्क मेली असेल किंवा केबल ढिली असेल. अजून काहीच सिद्ध नाही.

तिसरं, मशीन बंद करून केबल काढून नीट बसवली. डिस्क दिसली. पुष्कळ जण इथेच थांबतील. पण स्मार्टसीटीएल या आज्ञेनं डिस्कची स्वतःची वही वाचली, तर तीत बदली केलेले आणि वाचता न येणारे सेक्टर दोन्ही शून्याच्या वर होते. केबलही ढिली होती आणि डिस्कही आजारी होती. एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही असं होत नाही. आपले संत्रावाले जाणतात. पानं पिवळी पडली म्हणून पाण्याचं पाहिलं, पाणी कमी होतंच. पण खोडावर डिंक्याही होता.

चौथं, डिस्क बदलताना अनुक्रमांक पाहा. दोन्ही डिस्क दिसायला जुळ्या. एलएसबीएलके या आज्ञेला सिरियल दाखवायला सांगा, कोणता क्रमांक आजारी ते कागदावर लिहा, आणि लेबल जुळल्यावरच स्क्रू काढा. चांगली डिस्क काढून आजारी ठेवणं, यासारखी दुसरी चूक नाही.

पाचवं, नव्या डिस्कवर तेवढाच किंवा थोडा मोठा भाग पाडून एमडीअ‍ॅडमला अ‍ॅड सांगितलं. जोडी भरायला लागली. दोन टेराबाइट, सेकंदाला सुमारे दीडशे मेगाबाइट धरले तर पावणेचार तास होतात. तेवढा वेळ मी त्या खोलीत पंखा लावून बसलो होतो, जणू आयसीयूबाहेर. संध्याकाळी दोन यू दिसले.

सहावं, निरोपाची सोय. जोडी लंगडी झाली की एमडीअ‍ॅडम ईमेल पाठवतं. त्यानं तो पाठवलाही होता, पण रूटच्या स्थानिक पेटीत, जी कोणी उघडत नाही. एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये मेलअ‍ॅडर अशी ओळ असते, तिथे आपला पत्ता द्या आणि मशीनवरून मेल बाहेर जाईल अशी व्यवस्था करा. मग एमडीअ‍ॅडमला मॉनिटर, स्कॅन, वनशॉट, टेस्ट असं सांगितलं की चाचणीचा निरोप येतो. तो खरंच आला का ते पाहा. चाचणी न केलेली घंटा म्हणजे भिंतीवरची शोभा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, वीज गेल्यावर आमच्याकडे मशीन चालू होतं, पण नंतर दोन-तीन तास फार मंद चालतं. तेही रेडमुळेच का?

उत्तर : बहुधा हो. अचानक वीज जाते तेव्हा एका डिस्कवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर राहिलं असं होऊ शकतं. मग एमडी दोन्ही डिस्क पुन्हा जुळवतं, त्याला रिसिंक म्हणतात. एमडीस्टॅटमध्ये त्याची टक्केवारी दिसते. ते मागे चालू असतं आणि तुमच्या कामाशी डिस्कसाठी भांडतं. उपाय म्हणजे राइट-इंटेंट बिटमॅप. कुठे लिहायला घेतलं होतं याची लहानशी खूण जोडीवर ठेवली जाते, मग पूर्ण डिस्क न तपासता तेवढाच भाग जुळवतात. एमडीस्टॅटमध्ये बिटमॅपची ओळ नसेल तर एमडीअ‍ॅडमला ग्रो आणि बिटमॅप-इंटर्नल असं सांगून लावता येतो. आणि भाऊ, यूपीएस घ्या. तो कुठल्याही आज्ञेपेक्षा मोठा उपाय आहे.

आणि एक, महिन्यातून एकदा रविवारी मंद वाटलं तर घाबरू नका. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडीची तपासणी स्वतःहून करतं. ती बंद करू नका.

प्रश्न : ती तीस सेकंदांची वाट कमी करता येते का? आणि एफएसटॅबमध्ये नोफेल लिहिलं की सगळं सुरळीत होतं असं ऐकलंय.

उत्तर : करता येते. पण मी करणार नाही. मला त्या यंत्रणेकडून जो एकमेव आवाज ऐकू आला तो तो तीस सेकंदांचा होता. तो बंद केला असता तर अकरा दिवसांचे अकरा महिने झाले असते.

नोफेलचं सांगतो. ज्या डिस्कशिवाय मशीन चालू शकतं, म्हणजे कधीमधी लावायची बाहेरची डिस्क, तिच्यासाठी नोफेल योग्यच. ते नसेल आणि डिस्क आली नाही, तर नव्वद सेकंदांनंतर मशीन आणीबाणीच्या पडद्यावर जाऊन थांबतं. पण नोफेल लावल्यावर दुसरा धोका असतो. डिस्क जोडली गेली नाही, फोल्डर रिकामं आहे, आणि तुम्ही त्यातच नवं काम साठवताय. ते संग्रहात न जाता एसएसडीवर पडतं. म्हणून अशा फोल्डरात लिहिण्याआधी फाइंडमाउंट ही आज्ञा देऊन जोडणी झालीय का ते पाहायची सवय ठेवा.

प्रश्न : मग रेड असलं म्हणजे बॅकअपची गरज नाही ना?

उत्तर : हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी थांबलो होतो. आरशाला आपलं मत नसतं. तुम्ही एका डिस्कवरून फाइल पुसली की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. रेड डिस्कच्या मरणापासून वाचवतं. चुकीपासून नाही, चोरीपासून नाही, आणि पाण्यापासून तर नाहीच. दोन्ही डिस्क एकाच पेटीत, पेटी एकाच खोलीत, खोली एकाच गावात. मोवाडच्या लोकांना विचारा, एका घरात दोन पेट्यांत ठेवलेले कागद पुरात वेगवेगळे वाचले का?

आता माझ्या संग्रहाची एक प्रत नागपुरात मुलीकडे असते. दर तीन महिन्यांनी डिस्क बदलतो. त्या फायलींत एक म्हातारी आहेत, त्या रात्री पाणी कसं वाढलं ते सांगताना मध्येच थांबतात. बराच वेळ काहीच बोलत नाहीत. मुद्रण कापताना एकानं सुचवलं होतं की ती शांतता काढून टाका, वेळ वाचेल. मी काढली नाही. कुणी उशीर करतंय असं वाटलं की आधी विचारावं, वाट कोणाची पाहतेय ती?

थांबतो इथे. घरी गेल्यावर एमडीस्टॅट मात्र पाहा. नमस्कार.